सुजेला नाव कोण देतं? एक गुडघा, साताऱ्यातला एक इतिहासकार आणि खोल शिरेतली गुठळी



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी केलेली एक चूक आज सांगणार आहे. तुमच्यापैकी अनेक जण संशोधनाचा विषय शोधत असाल, कुणी प्रवेश परीक्षेची तयारी करत असाल. आजारांचा इतिहास, साथींचा इतिहास, दवाखान्यांचा इतिहास हे विषय सध्या बऱ्याच जणांना खुणावतात. माझी चूक नेमकी तिथलीच आहे, म्हणून ती तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवात घरातून झाली. माझी आत्या कराडजवळ राहते. ती पडली, घोट्याला प्लास्टर लागलं आणि पाच-सहा आठवडे ती अंथरुणावरच होती. प्लास्टर काढल्यावर त्याच पायाची पोटरी सुजली. घरात प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. 'पाय लोंबकळत ठेवला म्हणून भरून आला.' 'प्लास्टरनंतर येतेच सूज.' 'कोमट तेलाने चांगलं रगडून काढा.' रगडणार तेवढ्यात व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने पाय बघितला आणि म्हणाली, 'काकू, पायाला हात लावू नका, आधी डॉप्लर करून घ्या.' सांगलीला तपासणी झाली तेव्हा मांडीपर्यंतच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. औषधं वेळेवर सुरू झाली, आत्या बरी झाली.

शरीरातलं गणित थोडक्यात असं असतं. पायात कातडीजवळच्या शिरा असतात आणि स्नायूंच्या आत, हाडाजवळून जाणाऱ्या खोल शिरा असतात. पायातलं बहुतेक रक्त या खोल शिरांतून वर चढतं आणि त्याला वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस दिवसेंदिवस पडून राहिला, इजा झाली, मोठी शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालं, अंगातलं पाणी कमी झालं, की शिरेत रक्त गोठण्याची शक्यता वाढते. पाय सुजतो, तो बहुधा एकच. खरा धोका मात्र पायात नसतो. गुठळीचा तुकडा सुटला तर तो हृदयातून पुढे फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

हे सगळं मी त्या आठवड्यात वाचून काढलं. डोक्यात तेच घोळत असताना अभ्यासाच्या टेबलावर ग्रँट डफ उघडा होता.

ग्रँट डफचं ते वाक्य

जेम्स ग्रँट डफ हा मुंबईच्या लष्करातला कॅप्टन. १८१८ साली मराठी राज्य बुडालं, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि डफ त्यांच्या दरबारात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आला. पुढची चार-पाच वर्षं तो साताऱ्यात होता. दप्तरं त्याच्या हाताशी होती, जुनी घराणी त्याला कागद दाखवत होती. त्यातून तयार झालेला त्याचा तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापला गेला. थोड्याच वर्षांत 'मराठ्यांची बखर' या नावाने तो मराठीतही आला.

या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या शेवटच्या आजाराबद्दल डफ सांगतो, त्याचा आशय असा: गुडघ्याच्या सांध्याला वेदनादायक सूज आली, ती वाढत गेली, मग जोराचा ताप भरला आणि सातव्या दिवशी मृत्यू आला. तारीख तो ५ एप्रिल १६८० देतो. आपण आज ३ एप्रिल मानतो.

वाचताक्षणी मी समासात पेन्सिलने लिहिलं, 'डीव्हीटी? → फुप्फुसात गुठळी?' खरं सांगते, मला फार भारी वाटलं होतं. पायाला सूज, थोड्या दिवसांत मृत्यू. तीनशे वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट मला सापडली होती!

ते टिपण मी सरांना दाखवलं. त्यांनी डीव्हीटीबद्दल एक शब्दही काढला नाही. वाक्याखाली बोट ठेवून एवढंच विचारलं, 'हे कोण सांगतंय? आणि याला कुणी सांगितलं?'

कोण सांगतंय?

चला, आता हाच प्रश्न आपण एकत्र सोडवू.

डफ लिहितोय ते घटनेनंतर सुमारे १४० वर्षांनी. म्हणजे तो साक्षीदार नाही. त्याच्या आधाराच्या कागदांत मल्हार रामराव चिटणीस यांची बखर आहे, आणि तीसुद्धा साताऱ्याच्याच दरबारातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. म्हणजे बखरही घटनेपासून सव्वाशे वर्षं लांब. घराण्यात जपलेल्या आठवणी आणि हाताशी आलेले जुने कागद यांवर ती उभी आहे.

आता घटनेच्या जवळ जाऊ. कृष्णाजी अनंत सभासद याची बखर १६९४ च्या सुमाराला, राजाराम महाराज जिंजीत असताना लिहिली गेली. सभासद महाराजांच्या काळातला माणूस. तो आजार म्हणून ज्वर सांगतो.

त्याहून जवळचा कागद परक्यांचा आहे. मुंबईच्या इंग्रजांनी २८ एप्रिल १६८० रोजी सुरतेला पत्र पाठवलं. शिवाजीराजे जाऊन २३ दिवस झाले, बारा दिवस आजारी होते आणि रक्ताच्या हगवणीने गेले असं म्हणतात, अशी बातमी त्यात आहे. हा कागद महिनाभराच्या आतला आहे, पण त्यातलं 'असं म्हणतात' विसरू नका. लिहिणारा मुंबईत आहे, रायगडावर नाही. पुढे जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या त्यांच्या चरित्रात ताप आणि रक्ताची हगवण यांचीच बाजू घेतली.

म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: ज्वर, रक्ताची हगवण आणि गुडघ्याची सूज. तापाला दोन ठिकाणी आधार आहे. सूज या तिघांमध्ये घटनेपासून सगळ्यात लांबच्या लेखकाकडे आहे. विषप्रयोगाच्या कुजबुजीही आहेत. त्यांचा सुजेशी संबंध नाही, म्हणून त्या इथे बाजूला ठेवते.

सगळ्यात गोड सापळा

मी लगेच हार मानली नाही. घरी येऊन एक नवी कल्पना लढवली आणि ती पहिलीपेक्षाही सुबक होती. समजा, आधी हगवण लागली. अंगातलं पाणी गेलं, बारा दिवस अंथरूण धरलं. पाणी कमी आणि हालचाल नाही, म्हणजे गुठळी व्हायला अगदी अनुकूल स्थिती. म्हणून पाय सुजला, गुठळी फुप्फुसात गेली. बघा, इंग्रजांचं पत्रही खरं, सभासदही खरा, डफही खरा! सगळे कागद एका माळेत.

इथे थांबा आणि या माळेकडे नीट बघा. हिच्यातला एकही नवा मणी कागदातून आलेला नाही. दोरा माझा आहे, आजच्या वैद्यकाच्या पुस्तकातला. आजचं वैद्यक इतकं समृद्ध आहे की कुठल्याही दोन परस्परविरोधी लक्षणांना जोडणारा एखादा आजार त्यात सापडतोच. गोष्ट जुळली म्हणजे ती घडली असं होत नाही. साधनं एकमेकांशी भांडत असतील तर इतिहासकाराचं पहिलं काम ते भांडण नोंदवणं आहे, मिटवणं नंतर.

शिवाय वैद्यकाच्या बाजूनेही माझं निदान लंगडंच होतं. डफ सांध्याची सूज सांगतो. खोल शिरेतल्या गुठळीने सूज येते ती जास्त करून पोटरीला किंवा मांडीला. त्या आजारात अंग थोडं कोमट लागू शकतं, पण चढत जाणारा जोराचा ताप म्हटलं की आधी जंतुसंसर्ग आठवायला हवा. सांध्यात पू होणं, जखम चिघळणं, गळू अशा डझनभर शक्यता आहेत. मी त्यांतली गुठळी उचलली कारण त्या आठवड्यात माझ्या घरात गुठळी होती. मी डफ वाचतच नव्हते, आत्याचा रिपोर्ट वाचत होते.

आजारालाही इतिहास असतो

या सगळ्यातून मला एक उपयोगी प्रश्न मिळाला. डफला किंवा चिटणिसांना 'खोल शिरेतली गुठळी' हे निदान सुचणं शक्य तरी होतं का?

१७८४ साली मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट या डॉक्टरने एक पुस्तक लिहिलं. बाळंतिणीच्या एका किंवा दोन्ही पायांना कधी कधी येणाऱ्या सुजेचं स्वरूप आणि कारण, असं त्याचं लांबलचक नाव. लक्षात घ्या, आजाराला नावच 'सूज' असं आहे. त्या वेळी युरोपात समज असा की बाळंतिणीचं दूध पायात उतरतं, म्हणून पाय पांढरा आणि टणक होतो. व्हाइटने दूध नाकारलं, पण दोष शिरांना दिला नाही, लसिकावाहिन्यांना दिला. लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने अशा मृत बाळंतिणींची शवविच्छेदनं केली, तेव्हा पायाच्या शिरा गुठळ्यांनी बंद झालेल्या दिसल्या. त्याने हे मांडलं ते १८२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत.

म्हणजे डफ साताऱ्यात कागद चाळत होता त्याच वर्षांत लंडनमध्ये डेव्हिस शिरा उघडून बघत होता! डफचं पुस्तक छापलं गेलं तेव्हा रुडॉल्फ फिर्खो पाच वर्षांचा होता. पायात झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे या फिर्खोने १८४६ पासून दाखवायला सुरुवात केली आणि १८५६ च्या लेखसंग्रहात सविस्तर मांडलं. रक्त साचणं, शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती या तीन कारणांना आज वैद्यकाचे विद्यार्थी फिर्खोचं त्रिक म्हणतात. हे नाव मात्र त्याने दिलेलं नाही. ते पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नावावर मांडलं. बघा, डॉक्टरसुद्धा इतिहास मागे जाऊन लिहितात.

आणखी एक उदाहरण. डीव्हीटीचा पहिला नोंदलेला रुग्ण म्हणून हल्ली फ्रान्समधल्या राउल नावाच्या तरुणाकडे बोट दाखवतात. १२७१ साली त्याचा उजवा घोटा आणि पोटरी सुजली, सूज मांडीपर्यंत चढली. पण त्याची हकीकत आली कुठून? संत लुई राजाच्या चमत्कारांच्या हस्तलिखितातून. लिहिणाऱ्याला संताचा महिमा सांगायचा होता, शिरेची अवस्था नव्हे. राउलचं निदान आजच्या डॉक्टरांनी केलं आहे. तिथे एक पाय, पोटरी, वर चढणारी सूज असं बारीक वर्णन आहे, म्हणून निदान निदान शक्य तरी वाटतं. तरी ते शक्यच, सिद्ध नव्हे.

मिरजेच्या दवाखान्यात काय शोधायचं?

मग आपल्या भागात या आजाराचा इतिहास शोधायचाच नाही का? शोधायचा, पण जिथे तो सापडू शकतो तिथे. साताऱ्याच्या दरबारातून आता आपण मिरजेला जाऊ, कारण तिथे आजार नोंदवण्याची पद्धतच वेगळी झाली.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि १८९७ पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही देऊ लागले. रेल्वेचं जंक्शन असल्यामुळे लांबलांबचे रुग्ण येत. पोटाच्या, डोळ्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत. वॉन्लेस १९२८ मध्ये निवृत्त झाले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत १९६२ ला आलं.

आता नीट विचार करा. मोठी शस्त्रक्रिया आणि नंतर दिवसेंदिवस अंथरूण, म्हणजे गुठळ्यांसाठी पोषक परिस्थिती. तरीही अशा जुन्या रुग्णालयाच्या नोंदवहीत हा आजार फारसा दिसला नाही तर काय निष्कर्ष काढाल? 'तेव्हा आपल्याकडे गुठळ्या होत नव्हत्या' असा? थांबा. त्या काळात खोल शिरेतली गुठळी खात्रीने सापडायची ती शवविच्छेदनात, आणि आपल्याकडे घरचे लोक त्याला सहसा तयार होत नसत. शस्त्रक्रियेनंतर आठव्या-दहाव्या दिवशी बरा होत आलेला माणूस उठून बसला आणि कोसळला, तर नोंद 'हृदय बंद पडलं' अशी होऊ शकते. नोंदीत नसणं म्हणजे पायात नसणं नव्हे.

जगातही या आजाराचं आकडेवारीतलं दिसणं वाढत गेलं ते बघण्याची साधनं आणि उपचार आल्यावर. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते. लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून काढत. तेव्हा फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचं कीथ सिम्प्सनच्या लक्षात आलं, कारण तो शवविच्छेदन करणारा डॉक्टर होता. १९६० मध्ये ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन यांनी रक्त न गोठण्याच्या औषधांची चाचणी केली. औषध न दिलेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण फुप्फुसातल्या गुठळीने गेले, औषध दिलेल्या १६ पैकी त्या कारणाने एकही नाही. १९७५ मध्ये विजय कक्कर या भारतीय वंशाच्या शल्यविशारदाच्या पुढाकाराने ४,१२१ रुग्णांची मोठी चाचणी झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी हेपॅरिनचा छोटा डोस न मिळालेल्या गटात असे १६ मृत्यू होते, मिळालेल्या गटात २.

एवढं होऊनही 'हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे फारसा नाही' ही समजूत आशियात बराच काळ टिकली. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर १०,००० दाखल रुग्णांमागे सुमारे १७ जणांत तो आढळला. बत्तीस देशांच्या एका पाहणीत भारतातल्या रुग्णालयांतल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना गुठळीचा धोका होता आणि त्यांतल्या जेमतेम १७ टक्क्यांना शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपचार मिळत होते. जे शोधलं जात नाही ते नसतंच, ही समजूत इतिहासाच्या विद्यार्थ्याला निबंधात महागात पडते. रुग्णालयात ती जिवावर बेतते.

मग बघा, माझ्या आणि माझ्या घरच्यांच्या दोन चुका कशा एकमेकींच्या उलट होत्या. आत्याच्या वेळी घरच्यांनी 'सूज' एवढ्या शब्दावर समाधान मानलं आणि त्यामागचा आजार शोधला नाही. डफ वाचताना मी 'सूज' एवढ्या शब्दावरून आजार ठोकून दिला. शब्द एकच होता, आणि दोन्ही वेळा त्याला पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

तुमच्या टिपणवहीसाठी

जुन्या कागदात आजाराचा उल्लेख आला की मी आता चार गोष्टी लिहून ठेवते.

एक, मूळ शब्द जसाच्या तसा. ज्वर, सूज, वायू, काय असेल ते. त्याचं आजच्या भाषेतलं नाव त्याच ओळीत लिहायचं नाही.

दोन, सांगणारा घटनेपासून किती वर्षं आणि किती कोस लांब होता. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं छापायला घेतली, वाईला सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला. हा खटाटोप त्यांनी कशासाठी केला? त्याच दिवशी लिहिलेलं पत्र आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर यांतला फरक आपल्याला कळावा म्हणून.

तीन, त्या लेखकाच्या काळात तो आजार ओळखण्याची कल्पना आणि साधन होतं का.

चार, माझं निदान कुठल्या पुराव्याने खोटं ठरेल. असा पुरावाच सुचत नसेल तर ते निदान फक्त हौस आहे, ते प्रबंधात जाणार नाही.

आणि 'एवढा मोठा डफ, त्याला आपण काय विचारणार' असं मनात आलं तर नीळकंठ जनार्दन कीर्तने आठवा. १८६७ साली या तरुण विद्यार्थ्याने डफच्या इतिहासावर जाहीर टीका वाचून दाखवली होती. साताऱ्यात जमवलेल्या कागदांवर उभ्या राहिलेल्या ग्रंथाला पुण्यातल्या एका पोराने विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? आपली परंपरा तिथून सुरू होते.

समासातली माझी ती पेन्सिलची ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली फक्त लिहिलंय, 'माहीत नाही. साधनांत एकमत नाही.' संशोधनात हेही उत्तर असतं, आणि ते लिहायला मला आठ महिने लागले.

जाता जाता एक गोष्ट इतिहासाबाहेरची. घरात कुणाचा एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर रगडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक क्षणही न थांबता मोठं रुग्णालय गाठा. तीनशे वर्षांपूर्वीच्या सुजेबद्दल 'माहीत नाही' म्हणता येतं. आजच्या सुजेबद्दल ते म्हणून बसायचं कारण नाही, तपासून घेता येतं.